हसायचं कुठं, ते तळघरात कळतं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. फ्रेंच सिनेमातली थोर विनोदिका म्हणून ज्याँ रन्वारचा १९३९ चा 'रूल्स ऑफ द गेम' लावला. पहिल्या अर्ध्या तासात कोण कुणाचा नवरा आणि कोण कुणाचा प्रियकर हा हिशेबच चुकला, पुढं बंदुका आणि पळापळ झाली, शेवटी एक माणूस मेला. उच्चवर्गाची खिल्ली उडवणारा चित्रपट म्हणतात, पण त्यातला सरदार तर सगळ्यात लाघवी निघाला. मग टीका कुठं आहे, आणि हसायचं कुठं?

मी व्यवसायानं संकलक. तीसेक वर्षं कापण्या-जोडण्यात गेली आणि त्यातली बरीच वर्षं विद्यार्थ्यांना हा चित्रपट टेबलावर पुढं-मागं करून दाखवतोय. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझीही गत तुमच्यासारखीच झाली होती. बाहेर येऊन मित्राला म्हणालो, फोटोग्राफी चांगली आहे. काहीच कळलेलं नसलं की आम्ही लोक हेच म्हणतो.

माझ्या मते तुम्ही चुकीच्या मजल्यावर बसून चित्रपट पाहिलात. वर दिवाणखान्यात काय चाललंय ते लावण्यात सगळं लक्ष गेलं, आणि ते पहिल्या फेरीत कुणालाच लागत नाही. पुन्हा बघाल तेव्हा तळघरातल्या नोकरांच्या जेवणापाशी थांबा. फ्रान्सच्या सोलोन्य भागातल्या ला कोलिनिएर नावाच्या वाड्यावर पाहुणे शिकारीसाठी जमलेत. वर बॅगा लागतायत आणि खाली लांब टेबलाभोवती नोकरमंडळी जेवायला बसलीत. मालकिणीच्या खास दासीला, लिझेतला, जो मान मिळतो तो इतर पोरींना नाही. बोलता बोलता कुणीतरी मालकाच्या कुळाचा विषय काढतं. मार्की, म्हणजे सरदार, रोबेर द ला शेने. नाव ऐकलं तर सात पिढ्यांचं खानदान वाटावं. पण त्याच्या आईचे वडील म्हणे रोझेंथाल आडनावाचे, थेट फ्रँकफर्टहून आलेले. म्हणजे ज्यू. टेबलावर जरा खसखस पिकते.

तेवढ्यात आचारी तोंड उघडतो. तो म्हणतो, उपरा असेल तर असेल, पण परवा त्यानं मला बोलावून झापलं. कशावरून, तर बटाट्याच्या सॅलडवरून. सॅलड खाण्याजोगं व्हायचं तर बटाटे वाफाळते असतानाच त्यांच्यावर पांढरी वाइन ओतावी लागते. हाताखालच्या सेलेस्तँनं ते केलं नव्हतं, कारण त्याला बोटं भाजून घ्यायची नसतात. मालकानं ते तिथल्या तिथं ओळखलं. काही म्हणा, याला म्हणतात खानदानी माणूस!

हा प्रसंग मिनिटभराचाही नसेल, पण माझ्या दृष्टीनं अख्खा चित्रपट त्यात आहे. मालक मोठ्या घरचा आहे की नाही याचा निवाडा कोण करतंय? त्याच्या बरोबरीचे लोक नाहीत, त्याचा आचारी करतोय. निकष कुठला? रक्त नाही, पैसा नाही. बटाटा गरम होता की गार, हे जिभेला कळलं की नाही, एवढंच. आणि हा निवाडा करताना आचाऱ्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान आहे तो मालकाबद्दलचा कमी आणि स्वतःबद्दलचा जास्त आहे. मालक अस्सल तर त्याचा आचारी अस्सल. याच माणसाला कुणी सांगतं की अमक्या बाईंच्या जेवणाचे खास नखरे आहेत. तो म्हणतो, त्या सगळ्यांसारखंच जेवतील. पथ्य मी चालवून घेतो, खूळ नाही. विद्यार्थी या वाक्याला हमखास हसतात. बटाट्याच्या वाक्याला बहुतेक कुणी हसत नाही, आणि मग मला रीळ मागं घ्यावं लागतं. (सॅलड मी घरी करून पाहिलंय. फरक पडतो. बोटंही भाजतात.)

तर मला सांगायचंय ते हे की हा खेळ खेळतात वरचे, पण त्याचे नियम पाठ असतात खालच्यांना. पहारा देतात तेही खालचेच. हे एकदा डोक्यात ठेवलंत की पात्रं आपोआप जागेवर बसतात.

लिझेतचंच बघा. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झालीत. नवरा शूमाकर वाड्यावर जंगलराखा आहे, ही पॅरिसला मालकिणीपाशी. त्याला बायको जवळ हवी. तिला विचारल्यावर ती काय म्हणते? बाईसाहेबांची चाकरी सोडू? त्यापेक्षा घटस्फोट घेईन. आपल्याला हे ऐकून गंमत वाटते, पण ती गंमत करत नाहीये. तिचं खरं लग्न त्या घराशी, त्या खोलीशी, त्या लिपस्टिकशी लागलंय. मालकीण क्रिस्तीन तिला विचारते की पुरुषाशी नुसती मैत्री असू शकते का. लिझेत म्हणते, म्हणजे भर दुपारी चंद्राच्या गप्पा! या जगात कशाला काय म्हणायचं हे क्रिस्तीनला ठाऊक नाही. ती मूळची ऑस्ट्रियाची, एका संगीतकाराची मुलगी. शिकवणी दासीकडून चाललीये.

किंवा मार्सो. हा चोरून ससे धरणारा भुरटा शिकारी. शूमाकर त्याला पकडतो, मालक सोडवतो आणि वर वाड्यावर कामाला ठेवतो. मार्सोला नोकरी कशासाठी हवी? त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न आहे, गणवेशासाठी. खालून वर बघणाऱ्याला सत्ता नको असते, कोट हवा असतो. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या त्या काळात हे दाखवायला धीर लागत असणार. रन्वार स्वतः त्या वर्षांत डाव्यांच्या बाजूचा होता, १९३६ मध्ये कम्युनिस्ट पक्षासाठी त्यानं प्रचारपटही केला होता. तरीही त्यानं नोकरांना देव केलं नाही.

त्याच मार्सोला पकडण्याआधी कुंपणावरून रोबेर आणि शूमाकर यांचं जे बोलणं होतं ते ऐका. ससे नासधूस करतायत, म्हणजे जाळीचं कुंपण घालावं लागेल, असं शूमाकरचं म्हणणं. रोबेर म्हणतो, मला कुंपण नको आणि ससेही नकोत. बघा, मालकाचा स्वभाव एका ओळीत. त्याला बायकोचं प्रेम हवंय, जेनेव्हिएव्ह नावाची मैत्रीण दुखावायला नकोय, बायकोवर मरणारा वैमानिकही घरी पाहुणा म्हणून हवाय. कुणाला कुंपण नको आणि कुणी पिकात शिरायलाही नको. हे शक्य करून दाखवायचं काम नोकरांचं.

वैमानिकाबद्दल दोन शब्द, कारण खेळ तोच मोडतो. आंद्रे ज्यूरिय २३ तासांत अटलांटिक ओलांडून रात्री पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरतो. गर्दी, धक्काबुक्की, रेडिओची बाई मायक्रोफोन घेऊन पुढं. अशा वेळी काय बोलायचं असतं? देशाचं नाव, विमान बनवणाऱ्यांचे आभार. हा सांगतो की जिच्यासाठी मी हे केलं ती आली नाही, माझा भ्रमनिरास झाला. थेट प्रक्षेपणात! तिकडं क्रिस्तीन कपडे करताना हे ऐकते, आणि त्याच घरात तिचा नवरा हातातल्या यांत्रिक बाहुलीशी खेळताना ऐकतो. पॅरिसभर सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्याचं काही नव्हतं. मोठ्यानं बोलला, तो गुन्हा. पुढं तो वाड्यावर येतो तेव्हा क्रिस्तीन सगळ्या पाहुण्यांसमोर उभी राहून आमची निव्वळ मैत्री आहे असं छोटंसं भाषण करते आणि घर सुटकेचा श्वास सोडतं. मागं उभे असलेले रोबेर आणि घरचा मित्र ऑक्ताव यांच्या चेहऱ्यांकडं बघा, परीक्षेला बसलेल्या मुलीचे पालक वाटतात. ती पास झाली म्हणून पार्टी करायचं ठरतं.

आता माझ्या खात्याची गोष्ट. संकलन केलं होतं मार्गरीत हूलेनं. रन्वारची त्या काळातली जोडीदारीण, लग्न झालेलं नसूनही मार्गरीत रन्वार या नावानंच ओळखली जायची. हा चित्रपट बहुतांशी लांब शॉटचा आहे. कॅमेरा फिरतो, माणसं दारातून आत येतात, बाहेर जातात, कट येतच नाही. आणि मधोमध शिकार येते. तिथं जेमतेम ४ मिनिटांत पन्नासेक शॉट आहेत. पांढरे अंगरखे घातलेले हाकारे झाडांच्या बुंध्यांवर काठ्या ठोकत पुढं सरकतात, ससे आणि रानकोंबडे निघतात, आणि मग बार. बार, कट, बार, कट. शेवटी एक ससा पळता पळता कोलमडतो, अंग ताणतो, पुढचे पाय छातीशी घेतो, आणि संपतो. ते जनावर खरोखर मेलंय. त्यात कसलीही युक्ती नाही. १९३९ च्या फेब्रुवारीत सोलोन्यमध्ये पाऊस थांबेना, म्हणून रन्वार पॅरिसच्या स्टुडिओतल्या सेटवर परतला आणि शिकारीचं बरंचसं चित्रीकरण सहायक आंद्रे झ्वोबोदावर सोडून गेला.

या जागेबद्दल मला एक गोष्ट अपघातानं कळली. फार पूर्वी एका फिल्म सोसायटीत मी हा चित्रपट ठेवला होता. प्रोजेक्टरवरच्या माणसानं तिसऱ्या डब्याऐवजी चौथा लावला. म्हणजे शिकार राहिली मागं आणि पार्टीचा गोंधळ आधी सुरू झाला. लाज वाटायची गोष्ट अशी की वीस मिनिटं कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासकट. मी दाराशी चहा पीत होतो. पण आतून हशा येत होता, मनमोकळा, पोट धरून. या चित्रपटाला एवढं हसलेलं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मग ससे मरायला लागले आणि पुढच्या रांगेतले एक आजोबा ओरडले, अहो, हे उलटं लावलंय! माफी मागून आम्ही चौथा डबा पुन्हा लावला. तीच पार्टी, तेच प्रेक्षक, तीच पळापळ. हशा निम्म्यावर आला.

तुम्हाला हसू का आलं नाही, याचं अर्धं उत्तर हे आहे. शूमाकर पिस्तूल घेऊन मार्सोच्या मागं पाहुण्यांमधून धावतो, हे लिहिलंय अस्सल फार्ससारखं. पण आपल्या डोक्यात तो ससा अजून पाय ताणत असतो. मार्सो ज्या पद्धतीनं खुर्च्यांमागं लपतो, कान टवकारतो, उडी मारतो, ते आपण आधी पाहिलेलं असतं. हसू आवंढ्यासारखं अडकतं. तुम्ही पाहण्यात चुकला नाहीत. ते तसंच अडकायला हवं असतं.

उरलेलं अर्धं उत्तर फ्रेमच्या मागच्या बाजूला आहे. मराठी प्रेक्षकाला फार्स म्हटला की तीन दारांचा दिवाणखाना आठवतो. एका दारातून बायको, दुसऱ्यातून प्रेयसी, तिसऱ्यात सासरे. तिथं आपण समोरून बघतो आणि दार उघडलं की हसतो. रन्वारकडं दारांमागं आणखी दारं आहेत. युजीन लूरिये आणि माक्स दूई यांनी सेट असा बांधला की एका दालनातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं दिसावं, आणि छायालेखक ज्याँ बाशले यानं खास भिंगं मागवून मागचंही स्पष्ट राहील असं पाहिलं. त्यामुळं पुढं एक जोडपं प्रेमाच्या आणाभाका घेत असतं तेव्हा मागच्या मार्गिकेत दुसरं जोडपं मारामारी करत पळत असतं. दोन्हींवर उजेड सारखाच, कॅमेरा कुणाचीच बाजू घेत नाही. वरच्यांचं प्रेम म्हणजे नाटक आणि खालच्यांचं म्हणजे तमाशा, असा भेद पडद्यावर उरत नाही. चित्रपटातला वर्गविचार हा असा भिंगात आणि सुतारकामात आहे. तो संवादात शोधलात तर सापडणार नाही.

उदाहरण घ्या. पार्टीत पाहुण्यांसमोर छोटे छोटे खेळ चाललेत. पियानोवर साँ-साँसचं 'दांस माकाब्र', म्हणजे मरणाचा नाच, सुरू होतं. वाजवणारं कुणी नाही, पट्ट्या आपोआप खालीवर होतायत आणि पियानोपाशी बसलेली जाडजूड बाई आ वासून बघतेय. मंचावर पांढऱ्या चादरी पांघरलेली भुतं आणि त्यांच्यात एक सांगाडा नाचतो. मग भुतं प्रेक्षकांत उतरतात, बायका खोट्या खोट्या किंचाळतात. कॅमेरा सरकतो. दारापाशी मार्सो आणि लिझेत लगटतायत. आणखी सरकतो. शूमाकर बायकोला शोधतोय, आणि हे खोटं नाही. मंचावरचं मरण, प्रेक्षकांची मजा आणि दारातला खून हे एकाच वाटेवर येऊन बसलेत, मध्ये कुंपण नाही. एकदा आवाज बंद करून हा प्रसंग बघा. सबटायटलंही बंद. फक्त कॅमेरा कुठं जातो एवढं बघा.

पुढं गोळ्या सुटायला लागतात आणि काही पाहुण्यांना तोही करमणुकीचाच भाग वाटतो. रोबेर वैतागून मुख्य कारभाऱ्याला म्हणतो, कोर्नेय, हा फार्स बंद करा! कोर्नेय अदबीनं विचारतो, कोणता, हुजूर? इथं हसा. मनापासून हसा. पण कोर्नेयची मान बघा. घरात गोळीबार चाललाय आणि हा सेवेच्या आवाजात विचारतोय की कोणता. घर चालतं ते या माणसामुळं.

आता तुमचा लाघवी सरदार. तो लाघवी आहे हे तुम्ही बरोबर टिपलंत, फक्त त्याचा दोष दिग्दर्शकाला देऊ नका. रोबेरला यांत्रिक खेळण्यांचं वेड आहे. किल्ली दिलेले पक्षी, बाहुल्या. पार्टीत तो आपला सगळ्यात मोठा ठेवा पडदा सारून दाखवतो, जत्रेत असतो तसला प्रचंड यांत्रिक ऑर्गन. दिवे लागतात, चितारलेल्या बाहुल्या माना वळवतात, आणि कॅमेरा त्या बाहुल्यांवरून हळूहळू सरकत रोबेरच्या चेहऱ्यावर येतो. त्या चेहऱ्यावर अभिमान आहे, संकोच आहे, टाळ्या कधी पडतील याची धाकधूक आहे, सातवीतल्या पोराचा आनंद आहे. रन्वारनं पुढं सांगितलं होतं की आपल्या हातून झालेला सर्वांत चांगला शॉट बहुधा हाच. मार्सेल दालियोनं तो चेहरा दिला. अभिनेता हा स्वतः ज्यू, आणि तोवर त्याला भूमिका मिळायच्या त्या बहुतेक खबऱ्याच्या, लबाडाच्या. त्याला रन्वारनं मार्की केलं आणि तळघरात त्याच्या आजोबांचं नाव घ्यायला लावलं. खेळण्यांवर एवढा जीव लावणारा माणूस दुष्ट कसा वाटेल? पण त्याची खेळणीही बघा. किल्ली दिली की ती ठरलेलंच करतात.

चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य ऑक्तावच्या तोंडी आहे: या जगात एक भयंकर गोष्ट आहे, ती म्हणजे प्रत्येकापाशी आपापली कारणं असतात. हे वाक्य फेसबुकवर सहृदयतेचं सुभाषित म्हणून फिरतं. पण त्यातला शब्द 'भयंकर' आहे, तो कुणी वाचत नाही. ऑक्ताव झालाय स्वतः रन्वार. आधी ती भूमिका तो भाऊ पिएर याला देणार होता. जाड, ढगळा, सगळ्यांचा मित्र, सगळ्यांच्या घरी जेवणारा. पार्टीत अस्वलाचं सोंग घेतो आणि मग ते कातडं अंगातून निघेना म्हणून जो तो भेटेल त्याला 'मला सोडवा हो' म्हणत फिरतो. मदत करायला कुणाला वेळ नाही. आणखी एकदा तो क्रिस्तीनला म्हणतो की आजकाल सगळेच खोटं बोलतात, औषधांची पत्रकं, सरकारं, रेडिओ, सिनेमा, वर्तमानपत्रं. मग आपण साध्या माणसांनी का बोलू नये? त्या यादीत सिनेमा त्यानं स्वतःहून घातलाय.

७ जुलै १९३९ ला पॅरिसमध्ये चित्रपट लागला तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून लांबवत नाही. हिटलरबरोबरचा म्युनिक करार होऊन वर्षही झालं नव्हतं, युद्ध दोन महिन्यांवर होतं. कोको शनेलचे कपडे, ५० लाख फ्रँकांहून जास्त खर्च, 'ला ग्रांद इल्युझिओं' या आधीच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाची नवी विनोदिका, म्हणून लोक नटूनथटून आले आणि शिट्ट्या मारून गेले. एका माणसानं वर्तमानपत्र पेटवून थिएटरला आग लावायचा प्रयत्न केला, असं रन्वार सांगत असे. उजव्या वर्तमानपत्रांनी ज्यू दालियो आणि क्रिस्तीन झालेली ऑस्ट्रियन नोरा ग्रेगर यांच्यावर तोंडसुख घेतलं. म्हणजे तळघरातली कुजबुज थेट छापून आली, फरक एवढाच की बाजू घ्यायला तिथं आचारी नव्हता. रन्वारनं घाबरून कात्री चालवली, जास्त करून स्वतःच्याच प्रसंगांवर. दीड तासाच्याही खाली आणला, तरी चालला नाही. ऑक्टोबरात सरकारनं बंदी घातली: निराशाजनक, रोगट, अनैतिक, तरुणांवर वाईट परिणाम करणारा. पुढं पॅरिस पडलं. दालियोनं अमेरिका गाठली, आणि इकडं 'ज्यू कसा ओळखावा' म्हणून नाझींनी त्याचाच चेहरा भित्तिपत्रकांवर छापला. रन्वारही अमेरिकेला गेला, आणि तिथून १९४९ मध्ये 'द रिव्हर'साठी बंगालात आला. तिथं जाहिरात कंपनीत नोकरी करणारा एक तरुण त्याला जागा दाखवत हिंडला. तो सत्यजित राय.

शेवटाकडं येतो, कारण माझा मुद्दा तिथं सगळ्यात पक्का आहे. क्रिस्तीन रात्री काचगृहात बसलीये, अंगावर लिझेतचा झगा. आता ती ऑक्तावबरोबर पळून जायला निघालीये. ऑक्ताव कोट आणायला घरात येतो. त्याला कोण अडवतं? नवरा नाही, प्रियकर नाही. लिझेत अडवते. मजेपुरतं ठीक आहे, ती म्हणते, पण संसार करायचा तर तरुणांनी तरुणांशी करावा. आणि तुमच्यापाशी पैसे कुठं आहेत? बाईसाहेबांना किती गोष्टी लागतात! ऑक्ताव आरशात बघतो. एका दासीनं दोन वाक्यांत त्याचं वय आणि बँकेतली शिल्लक मोजून हातात दिलीये. तो वळतो, आपला कोट ज्यूरियला देतो आणि त्याला क्रिस्तीनकडं पाठवतो. बाहेर शूमाकर बंदूक घेऊन बसलाय. त्याला झगा दिसतो म्हणजे ती लिझेत, आणि कोट दिसतो म्हणजे तो ऑक्ताव. बार होतो. ज्यूरिय पडतो तो शिकारीतल्या सशासारखा.

म्हणजे एका माणसाचा जीव घ्यायला दोन चुकीचे कपडे पुरले. मालकीण दासीच्या झग्यात आणि वीरपुरुष फुकट्या मित्राच्या कोटात. ज्या घरात कपड्यावरून माणूस ओळखतात तिथं हे व्हायचंच. आणि ज्यांनी गोळी घातली, घालू दिली, वाट दाखवली ते सगळे नोकर आहेत, आपापलं काम चोख करणारे.

मग रोबेर पायऱ्यांवर येऊन पाहुण्यांना सांगतो की एक दुर्दैवी अपघात झाला. माझ्या राखणदाराला वाटलं की चोरून शिकार करणारा आहे आणि त्यानं गोळी झाडली, तो त्याचा हक्कच होता. एक पाहुणा हसून म्हणतो, अपघाताची नवी व्याख्या. म्हातारा जनरल त्याला थांबवतो: नाही, ला शेनेपाशी दर्जा आहे, आणि तो आजकाल दुर्मीळ होत चाललाय. ऐकलंत? आचाऱ्याचंच वाक्य. खाली बटाट्यावरून दिलेलं प्रशस्तिपत्र आता वर प्रेतावरून मिळतंय. पाहुण्यांच्या सावल्या वाड्याच्या भिंतीवरून सरकत आत जातात.

प्रत कुठली बघावी हेही सांगून ठेवतो. मूळ निगेटिव्ह युद्धात दोस्तांच्या बाँबहल्ल्यात गेली. पन्नाशीच्या दशकात ज्याँ गाबोरी आणि जाक द्युराँ यांनी गोदामांतून सापडलेल्या डब्यांतले तुकडे जुळवून, रन्वारचा सल्ला घेत, चित्रपट पुन्हा उभा केला आणि तो १९५९ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. आदल्याच वर्षी गेलेला समीक्षक आंद्रे बाझँ याला ती प्रत अर्पण केलेली आहे. तिची लांबी १०६ मिनिटं. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या समीक्षकांच्या कौलात १९५२ पासून २०१२ पर्यंत हा चित्रपट दर वेळी पहिल्या दहांत होता, २०२२ मध्ये तेरावा आला. १९५९ नंतरचा तो सगळा मान याच प्रतीला मिळालेला. तुमच्या हाती सव्वा तास-दीड तासाचं काही आलं असेल तर ते बाजूला ठेवा, त्यात ऑक्तावला मधून मधून कापून काढलंय आणि शेवटाची गाठ सुटते. १०६ मिनिटांची घ्या, पार्टी सुरू होईपर्यंत नावं कागदावर लिहून ठेवा, आणि लिझेत ज्या ज्या शॉटमध्ये आहे तिथं मालकिणीकडं न बघता तिच्याकडं बघा.